पाळी जाण्याच्या वयातील कोरडेपणा आणि क्रीमच्या खोक्यातील माहितीपत्रक

शेवंती (विचारणा)

नमस्कार. मी ४९ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. विषय नाजूक आहे, परंतु आडवळणाने विचारले की उत्तरही आडवळणानेच मिळते, असा वर्षभराचा अनुभव असल्यामुळे येथे सरळच लिहिते.

दीड वर्षापासून माझी पाळी अनियमित झाली आहे. कधी दोन-अडीच महिन्यांनी येते, तर कधी वीस दिवसांतच. अंगातून गरम वाफा निघण्याचा त्रास मला फारसा नाही. मात्र योनीमार्गात सतत कोरडेपणा जाणवतो, दुचाकीवरून घरी आल्यावर तेथे कातडी सोलवटल्यासारखी आग होते आणि लघवी करतानाही चरचरते. शरीरसंबंधांच्या वेळी इतके दुखते की गेले सहा-सात महिने मी काही ना काही निमित्त काढून ते टाळत आले आहे. यजमान समजूतदार आहेत, तरीही माझे मन उडाले की काय, अशी शंका त्यांच्या वागण्यातून दिसू लागली आहे, आणि नेमके काय होते ते सांगायला मला शब्द सापडत नाहीत.

वर्षभरात तीन वेळा लघवीचा जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक घेतले. त्यांपैकी एकदाच लघवीचे कल्चर झाले आणि त्यात जंतू निघाले नाहीत. ज्या डॉक्टरांकडे आधी जात होते, त्यांनी ‘वयोमानाने व्हायचेच’ असे म्हणून विषय मिटवला. अखेर मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी आतून तपासले, पॅप तपासणी आणि सोनोग्राफी करून घेतली, दोन्हींत काही दोष नसल्याचे सांगितले आणि योनीमार्गात लावण्यासाठी एस्ट्रिऑलचे, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या एका प्रकाराचे, क्रीम लिहून दिले.

घरी येऊन खोके उघडले आणि आतील घडीचे माहितीपत्रक वाचत बसले, तेथेच सगळे अडले. त्यात स्तनाचा कर्करोग, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात असे सगळे लिहिलेले आहे. माझ्या मावशीला वयाच्या ६२ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. ती ट्यूब आज तीन आठवडे कपाटात साड्यांखाली तशीच पडून आहे. क्रीम न वापरता भागेल का, वापरलेच तर हा धोका खरोखर किती, आणि पाळी पूर्ण गेल्यावर हा त्रास आपोआप थांबतो का, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

वैनगंगा

शेवंतीताई, मी नागपूरची, वय ५७. मी डॉक्टर नाही, पण ज्या वाटेवर आपण उभ्या आहात ती मी चालून आले आहे, म्हणून लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याची वाट पाहण्यात माझी चार वर्षे वाया गेली. वाफा, रात्रीचा घाम, चिडचिड हे सारे माझे दोन-तीन वर्षांत ओसरले आणि त्यासोबत हेही जाईल असे मी धरून चालले होते. ते गेले नाही, उलट वाढत गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे, माझा निम्मा दाह मीच ओढवून घेतलेला होता. आग होते म्हणजे अस्वच्छता असणार, या समजुतीने मी दिवसातून तीनदा साबणाने धूत होते, मध्येच सुगंधी इंटिमेट वॉश आणला आणि एकदा तर पाण्यात जंतुनाशकाचे दोन थेंबही टाकले. डॉक्टरीणबाईंनी हे सगळे एका वाक्यात बंद केले. बाहेरून साधे कोमट पाणी, आत काहीही घालायचे नाही, सुती आतले कपडे, तेही अंगावर आवळणारे नकोत, आणि ते धुताना साबणाची पावडर राहणार नाही असे खळखळून धुवायचे. आठ दिवसांत चरचर पुष्कळ कमी झाली. कोरडेपणा मात्र तसाच होता, तो साबणाने आलेला नव्हताच.

तिसरी गोष्ट मला औषधांच्या दुकानात फजिती होऊन कळली. मी ‘कोरडेपणासाठी जेल द्या’ म्हटले आणि दुकानातील मुलाने शरीरसंबंधांच्या वेळी वापरायचे ल्युब्रिकंट कागदात गुंडाळून दिले. ते मी रोज लावत राहिले आणि तासाभरात पुन्हा कोरडे ते कोरडेच. ल्युब्रिकंट हे त्या वेळेपुरते घर्षण कमी करते. रोजच्या कोरडेपणासाठी योनीमार्गाचे मॉइश्चरायझर वेगळे मिळते, ते आठवड्यातून दोन-तीनदा रात्री आत लावायचे असते आणि त्याचा ओलावा दोन-तीन दिवस टिकतो. हायल्युरॉनिक आम्ल असलेले मला मानवले. चेहऱ्याला लावायचे क्रीम आणि योनीमार्गाचे मॉइश्चरायझर या दोहोंत गल्लत करू नका. हसू नका, माझ्या एका परिचित बाईंनी ती केली होती.

मला या दोन गोष्टींवर तीन वर्षे निभावता आले, नंतर मीही क्रीमवर आले. ती भीती मलाही वाटली होती, पण त्याविषयी जाणकारांनी लिहिलेले बरे.

कृष्णाकाठ

मी सांगली परिसरात ३० वर्षांहून अधिक काळ स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. तपासणी न करता औषध सुचवणे योग्य नाही, आणि आपल्या डॉक्टरांनी तपासून औषध दिलेलेच आहे. म्हणून मी केवळ त्यामागचे कारण आणि त्या माहितीपत्रकाचा इतिहास सांगतो.

योनीमार्गाचे अस्तर इस्ट्रोजेनवर पोसलेले असते. ते पुरेसे असते तेव्हा हे अस्तर जाड, घडीदार आणि ओलसर राहते, त्याच्या पेशींत ग्लायकोजेन साठते, त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जीवाणू जगतात आणि ते लॅक्टिक आम्ल तयार करून तेथील पीएच (आम्लतेचे माप, जितके कमी तितकी आम्लता जास्त) ३.८ ते ४.५ च्या दरम्यान ठेवतात. आपल्या दह्यातील विरजणाचे हे जवळचे नातलग. अंडाशयांतून येणारे इस्ट्रोजेन घटले की अस्तर पातळ होते, घड्या सपाट होतात, रक्तपुरवठा कमी होतो, हे जीवाणू उपासमारीने घटतात आणि पीएच पाचाच्या वर जातो. मग आतड्यातील जंतूंना तेथे ठाण मांडणे सोपे जाते. मूत्रनलिका आणि मूत्राशयाचा तळ यांनाही त्याच संप्रेरकाची गरज असल्यामुळे लघवीची जळजळ, घाई आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग हीदेखील याच आजाराची लक्षणे आहेत. म्हणूनच २०१४ साली अमेरिकेतील दोन तज्ज्ञ संस्थांनी याचे जुने, केवळ योनीपुरते असलेले नाव बदलून मूत्रमार्गाचा समावेश करणारे नवे नाव स्वीकारले. बाळाला अंगावर पाजत असताना अनेक तरुण मातांनाही असाच कोरडेपणा जाणवतो, त्याचेही कारण हेच. फरक इतकाच की त्यांचे इस्ट्रोजेन पुढे परत येते.

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे आधी जाते. म्हणजे यानंतरची २५-३० वर्षे या अवस्थेत काढायची असतात. ‘वयोमानाने व्हायचेच’ हे म्हणणे खरे आहे, पण चाळिशीचा चष्माही वयोमानानेच लागतो आणि त्यासाठी कोणी पुस्तक वाचणे सोडून देत नाही.

आता अँटिबायोटिकविषयी. पाळी गेलेल्या आणि वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांवर केलेला एक अभ्यास १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एस्ट्रिऑलचे योनीमार्गात लावायचे क्रीम वापरणाऱ्या स्त्रियांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा, तर औषधविरहित क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा जंतुसंसर्ग झाला. म्हणजे हे ज्ञान नवे नाही. तरीही आपल्याकडे लघवीला जळजळ म्हटले की कल्चरविना अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहिली जाते, आणि मीही तरुणपणी अशा चिठ्ठ्या लिहिल्या आहेत.

माहितीपत्रकाचा इतिहास असा. २००२ साली अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक) यांच्या गोळ्यांचा भाग मुदतीआधी थांबवण्यात आला, कारण त्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि गुठळ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६३ होते. या गोळ्या पोटात जाऊन रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचतात. पुढे इस्ट्रोजेन असलेल्या प्रत्येक औषधावर, मग ते अर्धा ग्रॅम क्रीम का असेना, तोच इशारा छापण्याची रीत पडली. अल्प मात्रेच्या स्थानिक क्रीममुळे रक्तातील इस्ट्रोजेन पाळी गेलेल्या स्त्रीच्या नेहमीच्या पातळीच्या आसपासच राहते, त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या रक्षणासाठी सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावे लागत नाही. इंग्लंडमध्ये २०२२ पासून एस्ट्रॅडिओलची (हाही इस्ट्रोजेनचाच प्रकार) १० मायक्रोग्रॅमची योनीमार्गात ठेवायची गोळी ५० वर्षांवरील आणि वर्षभर पाळी न आलेल्या स्त्रियांना चिठ्ठीविना, फार्मासिस्टशी बोलून घेता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही रजोनिवृत्तीच्या इस्ट्रोजेन औषधांवरील चौकटीतील ते व्यापक इशारे काढण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचे जाहीर केले. आपल्या खोक्यातील कागद मात्र अजून जुन्याच काळातला दिसतो.

मावशीला उतारवयात झालेला कर्करोग हे आपण क्रीम न वापरण्याचे कारण ठरत नाही. आई किंवा सख्ख्या बहिणीला कमी वयात झालेला असेल, तर तो इतिहास डॉक्टरांना अवश्य सांगावा. मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट यांवर भागेल का, तर सौम्य त्रासात भागते. आपण लघवीच्या तक्रारीही सांगत आहात आणि ही साधने ओलावा देतात, अस्तर पुन्हा जाड करत नाहीत. म्हणून मी आपल्या जागी असतो तर ट्यूब साड्यांखालून बाहेर काढली असती.

शेवंती

डॉक्टर, वैनगंगाताई, आपले मनःपूर्वक आभार. दह्याच्या विरजणाची गोष्ट मी कधीच विसरणार नाही.

आणखी थोडे विचारते. नळीने क्रीम आत सोडताना दुखते आणि भीती वाटते, त्याला पर्याय आहे का? क्रीम लावल्यावर यजमानांना काही अपाय होतो का? आणि खोबरेल तेल चालते, असे आमच्या शेजारच्या काकूंचे म्हणणे आहे. ते कितपत खरे?

कृष्णाकाठ

नळीला साबुदाण्याएवढे क्रीम बाहेरून लावून ती बुळबुळीत करून घ्यावी. तरीही दुखत असेल तर पहिले पंधरा दिवस डॉक्टरांना विचारून स्वच्छ बोटाच्या टोकावर क्रीम घेऊन योनीमुखाशी आणि जेमतेम आतल्या भागात लावावे. सर्वाधिक आग तेथेच होत असते. साधारणतः पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा, असा क्रम असतो. पूर्ण परिणाम दिसायला बारा आठवडेही लागतात, म्हणून दहा दिवसांत उपयोग नाही म्हणून सोडू नये. सुरुवातीला किंचित चुरचुरते किंवा स्तन जड वाटतात, ते सहसा ओसरते. ज्या रात्री क्रीम लावायचे त्या रात्री ते संबंधांनंतर लावावे. ते ल्युब्रिकंट नव्हे आणि जोडीदाराच्या अंगाला लागू नये हे बरे.

खोबरेल तेल अनेक स्त्रिया वापरतात आणि पुष्कळांना मानवते. परंतु आपली पाळी अजून गेलेली नाही, म्हणजे गर्भ राहण्याची शक्यता कमी असली तरी संपलेली नाही. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर पुढील दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे, असा संकेत आहे. तेलाने लॅटेक्सचा निरोध काही मिनिटांतच कमकुवत होतो. त्यामुळे निरोध वापरत असाल तर पाण्याचे किंवा सिलिकोनचे ल्युब्रिकंटच घ्यावे. त्यातही गरम वा थंड वाटणारे, सुगंधी, चवीचे प्रकार टाळावेत आणि घटकांच्या यादीत ग्लिसरीन वा प्रोपिलीन ग्लायकॉल अगदी वर असेल तर ते परत ठेवावे, कारण असे दाट द्रव अस्तरातीलच पाणी ओढून घेतात.

मोगरा

शेवंतीताईंच्या मावशींचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. मी पुण्याची, ५२ वर्षांची. मला स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला होता, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी होऊन आता तीन वर्षे लेट्रोझोलची गोळी चालू आहे. ही गोळी शरीरातील उरलेसुरले इस्ट्रोजेनही पुसून टाकते, त्यामुळे माझा कोरडेपणा कोणालाही कल्पना करता येणार नाही इतका होता, आणि कर्करोग बरा होत असताना ‘हे’ विचारणे म्हणजे चोचले, असे वाटून मी दीड वर्ष गप्प राहिले.

माझ्यासारख्यांसाठी क्रम वेगळा असतो. आधी संप्रेरकविरहित उपाय पूर्ण करून पाहायचे, आणि त्यांनी भागले नाही तरच कर्करोगतज्ज्ञांशी बोलून स्थानिक इस्ट्रोजेनचा विचार करायचा. लेट्रोझोलच्या गटातील गोळी चालू असेल तर ते अधिकच जपून. मला तिथवर जावे लागले नाही. नियमित मॉइश्चरायझर, सिलिकोनचे ल्युब्रिकंट आणि संबंधांच्या तीन मिनिटे आधी योनीमुखाशी कापसाने लावायचे ४ टक्के लिडोकेनचे (बधिर करणाऱ्या औषधाचे) द्रावण एवढ्यावर माझे निभावते. हे द्रावण मला कर्करोग विभागातील डॉक्टरांनीच दिले, स्वतःच्या मनाने आणू नये.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. अनेक महिने दुखत राहिले की शरीर आधीच आक्रसून घेते, योनीमार्गाभोवतीचे स्नायू नकळत आवळले जातात आणि मग अस्तर सुधारले तरी दुखणे राहतेच. यासाठी त्या स्नायूंचा व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात. तेथे मला स्नायू आवळण्याऐवजी सैल सोडायला शिकवले गेले, आणि खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त गुण तेथेच आला.

आणि लेझर. एका खासगी केंद्राने मला तीन बैठकांचे पॅकेज जवळजवळ गळ्यातच मारले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्येच अशा उपचारांबाबत भाजणे, व्रण पडणे, दीर्घकाळ दुखणे यांचा इशारा दिला होता, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात वर्षभरानंतर खरे लेझर आणि तुलनेसाठी केलेले नुसते दिखाव्याचे लेझर यांच्या परिणामात फरक आढळला नाही. ते पैसे मी फिजिओथेरपीला घातले.

सिंदफणा

मी बीड जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. वरील सर्व चर्चा ४५-५० वयाच्या स्त्रियांविषयी आहे. आमच्याकडे हीच तक्रार घेऊन ३२-३५ वर्षांच्या बायका येतात, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला होता. शासनाच्या समितीने पाहणी केली तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन हळूहळू घटत नाही, एका दिवसात बंद होते. आणि ते ठेवले असले तरी त्यांचे काम अपेक्षेपेक्षा लवकर थांबू शकते. या स्त्रियांना पाळी येत नसल्यामुळे रजोनिवृत्ती कधी झाली हेच कळत नाही. त्या येतात ते ‘अंगात उष्णता झाली’, ‘लघवीला आग’, ‘मालक रागावतात’ अशा शब्दांत सांगत. ‘कोरडेपणा’ हा शब्द कोणीही वापरत नाही, म्हणून आम्हालाच विचारावे लागते. फडावर आडोसा नसल्याने त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, त्यामुळे जळजळीचे कारण कोणते हे ओळखणे आणखी अवघड होते.

माझी एवढीच विनंती की ज्यांची गर्भपिशवी काढलेली आहे त्यांनी आपल्या कागदपत्रांत अंडाशय ठेवले की काढले हे शोधून पाहावे. चाळिशीच्या आत दोन्ही काढले असतील तर केवळ स्थानिक क्रीमवर न थांबता, हाडे आणि हृदय यांचाही विचार करून पूर्ण संप्रेरक उपचारांविषयी तज्ज्ञांना विचारावे लागते.

कृष्णाकाठ

सिंदफणाताईंनी मोलाचे लिहिले. त्याला जोडून दोन सूचना. प्रत्येक खाज आणि आग ही कोरडेपणाचीच असते असे नाही. बाहेरील कातडी पांढुरकी, कागदासारखी पातळ दिसत असेल आणि रात्री खाज असह्य होत असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग असू शकतो. त्याला इस्ट्रोजेन नव्हे, तीव्र स्टिरॉइडचे मलम लागते. मधुमेह असेल तर बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही कोरडेपणा वाढतो. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी कोरड्या अस्तराला खरचटले असेल असे समजून घरी थांबू नये. बहुतेक वेळा तसेच असते, परंतु गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही याची खात्री सोनोग्राफी आणि गरज पडल्यास तुकड्याच्या तपासणीनेच होते.

शेवंती

सर्वांची उत्तरे मी दोनदा वाचली आणि मग काल रात्री कृष्णाकाठ यांचा पहिला मजकूर यजमानांना वाचायला दिला. जे मला सहा महिने बोलता आले नव्हते, ते त्यांनी पाच मिनिटांत वाचले. वाचून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी फक्त एवढेच विचारले, ‘म्हणजे तुला इतके दिवस दुखत होते?’

इंटिमेट वॉशची बाटली टाकून दिली आहे. डॉक्टरांना फोन करून मावशीचा इतिहास सांगितला. त्यांनी क्रीम सुरू करण्यास हरकत नसल्याचे आणि पुढच्या वेळी जळजळ झाली तर आधी कल्चर, मग गोळी, असे सांगितले. आजपासून बोटाने लावण्याची सुरुवात करत आहे. बारा आठवड्यांनी, म्हणजे सहामाहीच्या सुट्टीच्या सुमारास, काय फरक पडला ते येथे लिहीन.